तिच्या पाठीमागची खोली

रंगमंदिराच्या मागे जी कार्यशाळा आहे तिथे त्यांना आजही सगळे मिस्त्री म्हणूनच ओळखतात. नाटकांसाठी त्यांनी उभारलेल्या घरांपैकी एकही आता शिल्लक नाही. त्यात हळहळण्यासारखे काही नाही. नेपथ्य मोडण्यासाठीच उभे करतात. लाकडी चौकटीवर ताणलेले कापड प्रयोग संपले की पुन्हा रंगवून पुढच्या नाटकाला लावले जाते. कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या एका चौकटीचा पोपडा नखाने काढला, तर दिवाणखान्याच्या हिरव्याखाली तुरुंगाचा राखाडी निघाला आणि त्याखाली कुणाच्या तरी शयनगृहाचा गुलाबी.

मिस्त्रींचे एकच घर मोडलेले नाही. ते वृद्धांच्या शुश्रूषागृहात, तळमजल्यावरच्या कडेच्या खोलीत आहे आणि त्याला तीनच भिंती आहेत. ते कसे उभे राहिले याबद्दल स्वतः मिस्त्री, त्यांची मुलगी, कार्यशाळेतला म्हातारा रंगारी आणि शुश्रूषागृहाच्या संचालिका यांनी सांगितलेल्या हकिकती मी एकमेकींशी ताडून पाहिल्या आहेत. जिथे त्या जुळत नाहीत तिथे तसे म्हटले आहे. जिच्यासाठी घर बांधले तिची साक्ष मात्र आता मिळण्यासारखी नाही.

मिस्त्रींचे वडील अंथरुणाला खिळून गेले. जिना अरुंद, दार त्याहून अरुंद. दवाखान्यात न्यायचे तर त्यांना खुर्चीला बांधून उतरवावे लागे आणि कठड्याला कोपर घासून सालटे निघत. तेव्हा कुणाचीच तयारी नव्हती, असे मिस्त्री आजही सांगतात, आणि सांगताना स्वतःचे कोपर चोळतात. आपली अशी फरफट होऊ द्यायची नाही, हे त्यांनी तेव्हाच मनाशी घेतले. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी "स्वतःच्या म्हातारपणाचं नेपथ्य" करायला घेतले. हा शब्दप्रयोग त्यांचाच आहे.

रोगी आपणच असणार, याविषयी त्यांना शंका नव्हती. शिडीवरून पडून गुडघा कायमचा अधू झालेला, छातीत रंगाची भुकटी बसलेली. बायको वयाने लहान, खुटखुटीत. तिने उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. दिवसभर बोर्डाकडे तोंड करून आणि खोलीकडे पाठ करून बसायचे, घरी आल्यावर तसेच ओट्यापाशी उभे राहायचे. स्वयंपाकघरात मिस्त्री तिच्या मागे, टेबलाशी बसत. ती वळायची नाही, पण मागे काय चालले आहे ते तिला कळायचे. "हिला पाठीलाही डोळे आहेत," असे मिस्त्री पाहुण्यांना कौतुकाने सांगत. ते कसे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

तयारी नेटकी झाली. न्हाणीघरात धरायला दांडे बसले. उंबरे काढून टाकले. बटणे खुर्चीत बसून हात पोचेल इतकी खाली आली. सगळी मापे मिस्त्रींनी स्वतःच्या अंगावरून घेतली होती. कार्यशाळेत एका नाटकातली चाकांची खुर्ची पडून होती. ती घरी आणून दर रविवारी तालीम होई. मिस्त्री खुर्चीत, बायको मागे.

"अहो, पाय वर घ्या. लुळे आहात ना तुम्ही?"

"लुळा आहे म्हणूनच पाय खाली राहणार. तू ढकल."

"लुळा माणूस इतकी बडबड करत नाही. आणि मला कोण ढकलणार?"

"तुला काय धाड भरलीय? तू मला पोचवून मग निवांत येणार."

"वा! म्हणजे पोचवायचं पण मीच."

ही देवाणघेवाण मुलीने प्रत्यक्ष ऐकली होती आणि ती त्या वेळी हसली होती. मिस्त्रींना तालमी आठवतात, 'मला कोण ढकलणार' हे वाक्य आठवत नाही.

शेवटची अडचण स्वयंपाकघराच्या भिंतीची होती. ओट्यामागची ती भिंत पाडली तर आतल्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत खुर्ची सरळ जाणार होती. गवंडी ठरले. आदल्या दिवशी बायको म्हणाली, "दोन दिवस थांबलं तर नाही चालणार?"

"माणसं उद्या यायचीत. घण घेऊन आलेल्या माणसांना काय चहा पाजून परत पाठवू? का, काय झालं?"

"काही नाही. सहज म्हटलं."

धुळीचा त्रास नको म्हणून त्यांनी तिला मुलीकडे पाठवले. ती परतली तेव्हा भिंत नव्हती, आणि नवा ओटा खिडकीखाली गेला होता. "बघ, किती उजेड आला," मिस्त्री म्हणाले. ती बराच वेळ स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. मग म्हणाली, "हो, उजेड आहे."

याच सुमारास ते दोघे शुश्रूषागृहही पाहून आले. बायको दमली तर आपल्याला इथे आणावे, असा मिस्त्रींचा हिशेब. संचालिकांना ती भेट चांगली आठवते, कारण इतक्या तयारीने आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. चहा कसा लागतो, उशी किती उंच, कुठल्या कुशीवर झोप लागते, बोलता येईनासे झाले तर कुठली खूण कशासाठी, हे सगळे मिस्त्रींनी समजावून दिले. "बाई शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या," संचालिका सांगतात. "मी त्यांना विचारलं, तुमचं काय? तर तेच म्हणाले, हिचं काही विशेष नसतं."

त्यानंतर विसरायला लागली ती बायको. आधी गॅस पेटता राहू लागला. मग ती नव्या ओट्याकडे पाठ करून, जिथे भिंत होती तिथल्या मोकळ्या जागेत भांडे हातात घेऊन उभी राहू लागली. मिस्त्रींना तो हट्ट वाटला. "ओटा इकडे आहे, इकडे!" असे ते ओरडत. त्याची त्यांना आज लाज वाटते, हे त्यांनी दोनदा सांगितले.

"भिंत पाडलीत तेव्हापासून आई हरवली, बाबा," असे मुलगी एकदा रागाच्या भरात बोलून गेली. या विधानाला आधार नाही. मेंदूविकारतज्ज्ञांच्या मते आजार त्याआधी कितीतरी वर्षांपासून आत काम करत असणार. भिंतीने तो आणला नाही. मुलीनेही ते वाक्य नंतर मागे घेतले. मिस्त्रींनी मात्र ते ठेवून घेतले आहे.

घरातल्या तयारीतले काहीच तिच्या कामी आले नाही. दांडे धरायला हात होते, पण ते कशासाठी आहेत हे कळत नव्हते. उंबरे नसल्यामुळे ती अडखळायची नाही, सरळ रस्त्यावर पोचायची. तीनदा शेजाऱ्यांनी परत आणल्यावर, मिस्त्रींनी स्वतःसाठी निवडलेल्या शुश्रूषागृहात तिला नेले. संचालिकांनी विचारले, त्यांना काय आवडतं, घाबरल्या तर कशाने शांत होतात, कुठलं गाणं, कुठला वास? मिस्त्री म्हणाले, "चहा पिते."

रोज दिवस कलला की ती पर्स घेऊन मुख्य दाराशी उभी राही. "मला घरी जायचंय. उशीर झालाय." समजूत काढायला गेलेल्या सेविकेला तिने एकदा बोचकारले. पहिल्याच आठवड्यात न्हाणीघराच्या आरशासमोर ती किंचाळली होती, "ही म्हातारी कोण आत आलीय?" त्यामुळे तिच्या खोलीतला आरसा काढला गेला आणि पुन्हा लावायचा नाही अशी सक्त सूचना झाली. संचालिका कठोर नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितले: महिनाअखेरपर्यंत बाई रुळल्या नाहीत तर त्यांना वरच्या मजल्यावर न्यावे लागेल. तिथे दाराला कुलूप असते. घरची वस्तू नेता येत नाही, आणि भेट आठवड्यातून एकदा.

मिस्त्रींनी मग त्यांना येत होते ते केले. ते कार्यशाळेत गेले आणि त्यांनी चौकटी मागितल्या.

रंगारी त्यांचा जुना जोडीदार. त्याच्याही हातांना आता कंप आहे. "कुठलं नाटक?" त्याने विचारले.

"आमचं स्वयंपाकघर. जुनं. भिंत पाडायच्या आधीचं."

"प्रेक्षक किती?"

"एक."

"एकासाठी एवढा सेट? निर्माता बुडाला म्हणायचा." मग त्याने चेहरा पाहिला आणि ब्रश काढले. "वहिनींना तो पिवळा आवडायचा नाही, माहितीय ना? मी दिलेला रंग. तोंडावर कधी बोलल्या नाहीत, पण चहात साखर कमी यायची."

"आता तोच पिवळा दे."

दोघांनी मिळून उभारलेले काम थक्क करणारे आहे, हे मान्य करावे लागते. मुलीकडच्या जुन्या छायाचित्रांशी मी ते पडताळले. बटणाभोवतीचा बोटांचा काळसरपणा, फळीचा वाकलेला कोपरा, टेबलावर गरम भांड्याचा उमटलेला गोल डाग, मिस्त्रींच्या खुर्चीमागे डोके टेकून टेकून गुळगुळीत झालेला भिंतीचा तुकडा, सगळे जिथल्या तिथे आहे. चौकटी शुश्रूषागृहातल्या तिच्या खोलीच्या तीन बाजूंना बसवल्या. चौथी बाजू कोरी, पांढरी राहिली. का, असे कुणी विचारले नाही. मिस्त्रींच्या हातांना वर्षानुवर्षांची सवय होती की चौथ्या बाजूला प्रेक्षक असतात, तिथे काही बांधायचे नसते.

सकाळी सेविका तिला घेऊन आली. मिस्त्री आपल्या खुर्चीत बसले होते; तिने दारातून आत येताच त्यांना तिथे पाहावे, अशी योजना होती. तिने सावकाश सगळीकडे पाहिले.

"छान आहे हो. कुणाचं घर?"

"आपलं."

"तुमचं होय? नीट ठेवलंय." आणि पाहुणीसारखे हसून तिने त्या तिन्ही भिंतींकडे पाठ फिरवली. कोऱ्या भिंतीसमोर जाऊन ती उभी राहिली. हात कमरेच्या उंचीवर हलू लागले. काहीतरी चिरावे, बाजूला सारावे, तसे. मधूनच ती नजर वर उचलून डावीकडे एका ठिकाणी क्षणभर पाही, तिथे काही नाही हे पाहून थांबे, आणि पुन्हा हात हलू लागत.

रंगारी दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, वहिनी तिकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आपण त्यांच्या पाठीमागचं बांधलंय."

मिस्त्री उठून तिच्या शेजारी उभे राहिले. त्या ओट्यावर रांधलेले जेवलेला माणूस, ती भिंत स्वतः सांगून पाडून घेतलेला माणूस, पण भिंतीवर काय होते ते त्यांना सांगता येईना. भिंतीची जाडी आठवत होती. विटांचा एक थर, आत पाण्याचा नळ. पण तिच्या डोळ्यांसमोर, तिथे डावीकडे काय असायचे? "मी तिकडे बघितलंच नाही कधी," ते मला म्हणाले. "मी तिच्याकडे बघायचो ना. तिच्या पाठीकडे."

त्या संध्याकाळी ती पुन्हा पर्स घेऊन दाराशी गेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि तिची नजर जिथे जाई तिथे त्यांनी एक खिळा ठोकायला घेतला. कानामागे पेन्सिल, तोंडात दुसरा खिळा. आवाज ऐकून ती जवळ आली.

"मिस्त्री का तुम्ही?"

लग्नाला इतकी वर्षे झाली, या नावाने तिने त्यांना कधी हाक मारली नव्हती. घरात ते कायम 'अहो' होते. त्यांनी तोंडातला खिळा काढला. "हो."

"किती दिवस चालणार हे?"

"दोन दिवस."

"मिस्त्रींचे दोन दिवस, म्हणजे आता बसा." ती खुर्चीत बसली, त्यांच्याच. "मला घरी जायचं होतं. पण काम काढलेलं घर टाकून जाता येत नाही. माणसांवर लक्ष ठेवावं लागतं."

"ठेवा ना."

त्या संध्याकाळी ती दाराशी गेली नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. महिना संपला तेव्हा संचालिकांनी तिला तळमजल्यावरच राहू दिले. भिंतीला रोज ठोकाठोक नियमात बसत नाही, हे त्या जाणून आहेत. "मी तिकडे जात नाही त्या वेळी," एवढेच त्या म्हणाल्या.

मिस्त्री एकेक वस्तू टांगून पाहू लागले. गाळणी, दिनदर्शिका, हात पुसायचा कपडा, किल्ल्यांची फळी, घड्याळ. ती प्रत्येक वस्तू निरखते, काढते आणि त्यांच्या हातात परत देते. "हे नाही, मिस्त्री. तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणीच नाही सांगितलं."

"मग विचारायचं आधी."

"आता विचारतो. काय होतं इथे?"

यावर ती विचारात पडते. ओठ हलतात. एकदा म्हणाली, "तिथून सगळं दिसायचं." खिडकी होती का, असे त्यांनी विचारले. तिला हसू आले. "खिडकीतून बाहेरचं दिसतं. मिस्त्री असून एवढं कळत नाही तुम्हाला?"

उत्तर मुलीच्या कपाटात निघाले. म्हणजे मुलगी तसे मानते. भिंत पाडली त्या आठवड्यात आई तिच्याकडे राहायला आली, तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आली होती आणि ती वस्तू तिथेच राहिली. तळहाताएवढा आरसा, पत्र्याच्या कडेचा, वर तारेची कडी. एक्सचेंजमध्ये सगळ्याजणी आपापल्या बोर्डावर असे आरसे लावत, सुपरवायझरबाई मागून येताना दिसाव्यात म्हणून, असे आईने सांगितल्याचे तिला आठवते. आईने तो घरी आणून ओट्यासमोर टांगला होता. "म्हणून तिला सगळं कळायचं. मी टेबलाखाली पाय हलवले तरी. बाबांनी ताट बाजूला सारलं तरी."

या माहितीला दुसरा साक्षीदार नाही. छायाचित्रे सगळी टेबलाच्या बाजूची, ओट्यासमोरची एकही नाही. एक्सचेंजमधल्या दोन जुन्या ऑपरेटर मला भेटल्या. बोर्डावरच्या आरशांचे त्या सांगतात, घरचे त्यांना माहीत नाही. तेव्हा आरसा तिथे होता हे सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. मात्र ते खरे असेल तर एक गोष्ट उघड आहे. आपण तिच्या पाठीकडे पाहत बसलो आहोत, असे मिस्त्रींना वाटे, तेव्हा ती त्यांच्याकडे पाहत होती. आणि ज्या खोलीत त्यांनी जन्म काढला ती खोली तिने बहुतेक वेळ उलटीच पाहिली होती, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. त्यांनी हुबेहूब बांधलेली खोली तिला परकी वाटली, याचे एक कारण हेही असू शकते.

आरसा आता मिस्त्रींच्या पिशवीत आहे, त्याच टॉवेलात. तो लावावा, निदान मिनिटभर, असे मुलगी म्हणते. संचालिकांचा नियम तिला माहीत आहे. रंगारी म्हणतो, "लावून टाक. वहिनी ओळखतील." मिस्त्री लावत नाहीत.

मी कारण विचारले. त्यांनी पिशवीचा पट्टा हातात गुंडाळला, सोडला. "तिथे तिला मी दिसायला हवा, टेबलाशी बसलेला. दिसणार कोण? एक म्हातारा. आणि पुढ्यात एक म्हातारी, जिला ती घाबरते." मग म्हणाले, "आणि समजा, ओळखलंच तिने. हेच, म्हणाली. म्हणजे काम संपलं. काम संपल्यावर मिस्त्रीला कोण थांबवून घेतं?"

मी गेलो त्या दुपारी त्यांनी लाकडी चमचे अडकवायची पट्टी लावून पाहिली. तीही 'हे नाही' ठरली. त्यांनी खिळा उपटला, भोक पुट्टीने बुजवले आणि अंगठ्याने सारखे केले. त्या भिंतीवर अशा बुजवलेल्या भोकांचे ठिपके आता तिच्या डोळ्यांच्या उंचीवर दाट झाले आहेत. ती मिस्त्रींच्या खुर्चीत बसून लक्ष ठेवत होती. खिडकीबाहेर ऊन उतरले तशी सेविका चहा घेऊन आली.

"त्यांना पण द्या," ती म्हणाली. "सकाळपासून राबतायत."

मिस्त्री कप घेऊन जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसले. तिने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिले.

"दुखतो का?"

"जुनं आहे. शिडीवरून पडलो होतो."

"जपायला हवं. तयारी ठेवा पुढची. आमच्याकडे सगळी करून ठेवलीय." थोडे थांबून तिने विचारले, "घरी कोण कोण असतं?"

"बायको असते."

"मग उशीर नका करू. वाट बघत असेल."

"हो," मिस्त्री म्हणाले. "एवढा चहा पितो आणि निघतो."

"आणि उद्या या. काम अर्धं टाकू नका."

त्यांनी कप विसळून ठेवला, हत्यारे पिशवीत भरली. टॉवेलातली वस्तू आधी, मग बाकीची, तिच्यावर भार येणार नाही अशी. दाराशी जाऊन ते वळले. ती उठून पुन्हा कोऱ्या भिंतीसमोर उभी होती, त्यांच्याकडे पाठ करून. तिने मान वर केली, डावीकडे, ओल्या पुट्टीच्या ठिपक्याकडे पाहिले. मिस्त्री थांबले. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ते परत आत आले आणि आवाज न करता, टेबलाशी, आपल्या खुर्चीत जाऊन बसले.